जुनी टेपेस्ट्री आहे? कडेची बॉर्डर कापू नका

आमच्याकडे जुन्या फ्रेंच टेपेस्ट्री (भिंतीवर टांगायची, चित्र विणलेली जाड कापडं) साफ करायला, टाके घालायला येतात, आणि बऱ्याच जणांना मधलं चित्र तेवढं कापून काचेच्या फ्रेममध्ये बसवायचं असतं. प्लीज असं करू नका, कारण या 18व्या शतकातल्या कामात फ्रेम, म्हणजे हीच बॉर्डर, आधीच आत विणलेली असते आणि खरी कमाल तीच आहे.

पॅरिसच्या गोबलँ कारखान्यातला 'बूशे सेट' बघा. लाल दमास्क (नक्षी विणलेलं भारी कापड) लावलेल्या भिंतीवर सोनेरी अंडाकृती फ्रेम रिबनीने टांगलीय असं वाटतं, भोवती फुलांच्या माळा, आणि फ्रेमची सावली पण मागे पडलेली! जवळ गेलं की कळतं, दमास्क नाही, सोनं नाही, सगळी लोकर आणि रेशीम. मधली चित्रं चित्रकार फ्रान्स्वा बूशेची, भोवतीच्या सगळ्या भागाचं डिझाइन मोरिस जाकचं. इंग्लंडच्या क्रूम कोर्ट या हवेलीसाठी अशी अख्खी खोली विणून घेतली होती, 1771 मध्ये ती लागली, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, खुर्च्यांची कापडंसुद्धा त्याच कामाची.

सावली कशी येते? गडद धाग्याच्या बारीक रेघा फिक्या रंगात कंगव्याच्या दातांसारख्या घुसवतात, लांबून त्या मिसळतात. पैठणीत जसा बाणा (आडवा धागा) त्या त्या रंगाच्या जागेपुरताच फिरवून परत आणतात तसंच हे काम, फक्त इथे ताणा (उभा धागा) पूर्ण झाकला जातो.

आता घरच्या घरी बघायचं तर मागची बाजू उलटा. उजेड न लागल्यामुळे तिथे मूळ रंग अजून भडक असतात, आणि पुढची सावली पुसट का वाटते ते लगेच समजतं. मागे जर रंगीत धागे कडेपासून कडेपर्यंत सलग पट्ट्यांनी धावत असतील तर बहुतेक मशीनची कॉपी आहे, तीही सुंदर असते पण किंमत वेगळी.

टांगताना खिळे ठोकू नका, वरच्या काठाला अस्तरावर वेल्क्रो शिवून घ्या म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडतं. उन्हासमोर लावू नका, रेशीम आधी कुजतं. घरी धुवू नका, ड्रायक्लीनला देऊ नका. कसर लागली वाटली तर घडी न करता गुंडाळून आणा.

आणि बॉर्डर आधीच कापली गेली असेल तरी ती पट्टी फेकू नका, सोबत घेऊन या, आम्ही ती परत जोडून देतो.