हजारी २३ मृत्यू: स्थानिक आरोग्य मंडळांचे प्राधान्य कसे ठरत गेले

१८४८ साली इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्याचा पहिला मोठा कायदा झाला. गावात आरोग्य मंडळ, म्हणजे गटारे, पाणी, साफसफाई पाहणारी स्थानिक समिती, केव्हा नेमायचे, याच्या दोन वाटा त्यात होत्या. एकतर गावातल्या करदात्यांपैकी एक दशांश लोकांनी तसा अर्ज करायचा. नाहीतर सात वर्षांच्या सरासरीने तिथे हजारी २३ पेक्षा जास्त माणसे दर वर्षी मरत असली पाहिजेत; मग गावाची इच्छा असो वा नसो, वरून मंडळ बसवता येई. ही दुसरी अट वाचताना आजही पोटात कालवते. हजारी २२ मृत्यू होईपर्यंत सगळे गावाच्या मर्जीवर! तरीही या अटीचे मोल मला फार मोठे वाटते, कारण तिने गावाच्या आरोग्याला पहिल्यांदा एक आकडा चिकटवला. आकडा आला म्हणजे प्रश्न विचारता येतो.

रोगराईवर नजर ठेवणारी मंडळे त्याआधीही होती. १३४८ च्या प्लेगमध्ये व्हेनिसने त्यासाठी माणसे नेमली, १३७७ मध्ये डुब्रोव्हनिकने बाहेरून येणाऱ्यांना ३० दिवस वेगळे ठेवायचा नियम केला. पण साथ ओसरली की त्यांचे कामही मंदावायचे. रोजच्या मरणाकडे, म्हणजे जुलाबाने जाणारी तान्ही मुले, क्षयाने झिजणारे मजूर यांच्याकडे बघणे हे कोणाचेच काम नव्हते.

ते काम कोणाचे तरी आहे, हे मान्य व्हायला दोन गोष्टी घडाव्या लागल्या. १८३१–३२ मध्ये पटकी, म्हणजे कॉलरा, ब्रिटनमध्ये शिरली आणि धाक बसला. आणि १८३७ पासून इंग्लंडमध्ये मृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली. १८४२ साली समाजसुधारक एडविन चॅडविक यांनी मजुरांच्या राहणीवरचा आपला अहवाल काढला. त्यात लिव्हरपूलमधले मृत्यूच्या वेळचे सरासरी वय दिले होते: सधन घरांत ३५, व्यापारी घरांत २२, मजुरांत १५. शेतीप्रधान रटलंड परगण्यात मात्र मजुराचेही सरासरी वय ३८ भरत होते, म्हणजे लिव्हरपूलच्या धनिकापेक्षा जास्त. ही सरासरी बालमृत्यूंमुळे फार खाली ओढली जाते, त्यामुळे संख्याशास्त्राच्या दृष्टीने हे मोजमाप कच्चे आहे. पण चॅडविक यांचा मुद्दा त्याने सुटत नाही. एकाच देशात पत्ता बदलला की आयुष्य बदलत होते. लिव्हरपूलने १८४७ मध्ये डॉ. विल्यम डंकन यांना आरोग्य अधिकारी नेमले. असे पद सांभाळणारे ते देशातले पहिले डॉक्टर.

कायदा झाला तरी गावोगावी काय झाले असेल, हे हॉवर्थच्या उदाहरणावरून नीट दिसते. यॉर्कशरमधले हे डोंगरउतारावरचे गिरणीचे गाव. ब्राँटे भगिनी कादंबरीकार म्हणून ओळखल्या जातात. त्यांचे वडील पॅट्रिक ब्राँटे तिथले धर्मगुरू. दर आठवड्याला लहान मुलांना पुरायचे काम ज्यांच्या वाट्याला येत होते, त्यांनीच मंडळासाठी पाठपुरावा केला. १८५० मध्ये बेंजामिन बॅबेज हे निरीक्षक चौकशीला आले. त्यांना आढळले की गावातली ४१ टक्क्यांहून जास्त मुले वयाची सहा वर्षे पुरी व्हायच्या आत दगावत होती. उघड्या गटारातून मैला वाहत होता, वर चढावर गच्च भरलेले कब्रस्तान होते आणि खाली पिण्याचे पाणी. बॅबेज यांनी सांडपाण्याची आणि नळाच्या पाण्याची शिफारस केली. ती अमलात यायला मात्र वर्षे गेली. ज्यांच्या जमिनीत स्वतःचा झरा होता, त्यांना दुसऱ्याच्या पाण्यासाठी पट्टी भरायची नव्हती.

हा विरोध केवळ कंजूषपणाचा नव्हता, तो कायद्याच्या रचनेतच होता. ज्या गावात नगरपालिका नव्हती, तिथे मंडळाची निवडणूक होई आणि मालमत्ता जितकी मोठी तितकी एका माणसाच्या हाती जास्त मते. म्हणजे ज्याच्या घरात मूल मरत होते त्याला मत नाही, आणि ज्याला पट्टी वाढण्याची काळजी त्याला अनेक मते. पुढे पावणेदोनशे वर्षे मंडळांचे प्राधान्यक्रम ठरत गेले ते याच ओढाताणीत: मरण कुठे आहे हे नोंदवही सांगते, आणि पैसा कुठे जाईल हे मतपेटी सांगते.

नोंदवहीची ताकद काय असते, हे १८५४ च्या लंडनने दाखवले. सोहो भागात पटकीचा उद्रेक झाला तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी नोंदणी कार्यालयातून २ सप्टेंबरला संपलेल्या आठवड्यातल्या शेवटच्या तीन दिवसांच्या ८३ मृत्यूंची यादी घेतली आणि ते दारोदार गेले. बहुतेक घरे ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाजवळची. फक्त दहा मृत्यू दुसरा पंप जवळ पडणाऱ्या घरांतले होते. त्यांतल्या पाच जणांच्या कुटुंबांनी सांगितले की आम्ही पाणी ब्रॉड स्ट्रीटवरूनच आणतो, आम्हाला तेच आवडते. तीन मृत मुले त्याच पंपाजवळच्या शाळेत जात होती. ७ सप्टेंबरला स्नो स्थानिक विश्वस्त मंडळापुढे उभे राहिले. मंडळाची खात्री पटली नव्हती, तरी दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, हेही खरे. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे: पटकीचा जंतू अजून सर्वमान्य नसताना, रोग दूषित हवेने होतो असे जवळपास सगळे मानत असताना, एका स्थानिक मंडळाने यादी पाहून पाऊल उचलले. नंतर हेन्री व्हाइटहेड या तिथल्याच तरुण धर्मगुरूने, ज्याचा स्नोंवर आधी विश्वास नव्हता, मृत्यूंची नोंद पुन्हा तपासली आणि पहिला रोगी शोधला. पंपाला लागून असलेल्या घरातले ते तान्हे बाळ होते. त्याचे दुपटे धुतलेले पाणी ज्या मैलाकुंडात गेले, ते पंपाच्या विहिरीत झिरपत होते.

अमेरिकेत न्यूयॉर्कने १८६६ मध्ये पटकीच्याच धास्तीने स्वतंत्र अधिकारांचे मंडळ नेमले. त्या वर्षीचे पटकीचे मृत्यू १८४९ च्या मानाने फारच थोडे राहिले आणि इतर शहरांना धडा मिळाला. पुढे त्याच शहराच्या आरोग्य खात्यातल्या डॉ. हर्मन बिग्ज यांनी १८९७ मध्ये क्षयाची नोंद डॉक्टरांवर सक्तीची केली. डॉक्टर खवळले, रुग्ण आमचा, त्याचे नाव मंडळाला का द्यायचे? तो आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, कारण नाव कळले की नोकरी जायची. पण नोंद नसलेला रोग मंडळाच्या खिजगणतीत नसतो. १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिजच्या आरोग्य मंडळाची देवीच्या लशीची सक्ती आणि पाच डॉलरचा दंड योग्य ठरवला. मंडळांच्या अधिकाराला कायद्याचा पाया मिळाला.

मग विसाव्या शतकात आजारच बदलले. गटारे झाली, लशी आल्या आणि हृदयविकार, मधुमेह, तंबाखू पुढे आले. यांना भीतीची लाट नसते, म्हणून पैसाही सहज मिळत नाही. कशाला आधी हात घालायचा यासाठी अमेरिकी आरोग्यतज्ज्ञ हॅन्लन यांनी एक गुणपद्धत दिली: समस्येच्या व्याप्तीचे गुण, त्यात गांभीर्याचे गुण दुप्पट करून मिळवायचे आणि बेरजेला उपाय कितपत चालतो त्या गुणांनी गुणायचे. उपाय शून्य असेल तर सगळा गुणाकार शून्य. शिवाय लोकांना तो मान्य आहे का, पैसा आहे का, कायद्यात बसतो का, हे वेगळे तपासायचे. आजही मंडळे ही पद्धत वापरतात. लोकांच्या गरजांची पाहणी आता अनेक ठिकाणी बंधनकारक आहे. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने ना-नफा रुग्णालयांनाही ती दर तीन वर्षांनी करावी लागते.

पाहणी झाली, क्रम लागला, तरी तिजोरीचा प्रश्न उरतोच. इंग्लंडमध्ये १९७४ च्या फेररचनेत स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याचे जुने पदच गेले आणि काम आरोग्यसेवेच्या यंत्रणेकडे वळले. ते स्थानिक परिषदांकडे परतले १ एप्रिल २०१३ रोजी, फक्त याच कामासाठी राखून ठेवलेल्या अनुदानासह. धूम्रपानमुक्ती, लैंगिक आरोग्य, व्यसनमुक्ती ही कामे त्यातून चालायची होती. दोन वर्षांनी, आर्थिक वर्ष चालू असतानाच, त्या अनुदानातून २० कोटी पौंड कापले गेले.