डिफॉल्ट ब्रँच (गिट)

गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत दूरस्थ रिपॉझिटरीचा (सर्व्हरवरील प्रकल्प-साठ्याचा) ‘हेड’ हा दर्शक ज्या शाखेकडे (बदलांच्या स्वतंत्र मालिकेकडे) निर्देश करतो ती शाखा. क्लोन (स्थानिक प्रत) केल्यावर प्रथम हीच उघडते. सबव्हर्जन या अशाच दुसऱ्या प्रणालीतील ‘ट्रंक’ हा केवळ रूढ संकेत आहे. मर्क्युरियल या प्रणालीत ‘डिफॉल्ट’ हे नावच ठरलेले आहे. गिटमध्ये मात्र नाव मोकळे असते, म्हणून ते दरवेळी शोधावे लागते.

गिटच्या डिफॉल्ट शाखेच्या ‘मास्टर’ या जुन्या नावाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. गिटपूर्वीच्या बिटकीपर या प्रणालीतील ‘मास्टर’ रिपॉझिटरीशी काही जण त्याचा संबंध जोडतात. परंतु तेथे हा शब्द शाखेला नव्हे, रिपॉझिटरीला लावलेला होता. गिटच्या आरंभीच्या काळातील सहभागी पेत्र बाउडिश यांनी २०२० मध्ये, ध्वनिमुद्रणाच्या मूळ प्रतीचा अर्थ आपल्या मनात होता, असे सांगितले. हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. त्याच वर्षी गिट २.२८ मध्ये ‘इनिट.डिफॉल्टब्रँच’ ही (पहिल्या शाखेचे नाव ठरवणारी) सेटिंग आली आणि ऑक्टोबरपासून गिटहब या संकेतस्थळावरील नव्या रिपॉझिटरी ‘मेन’ने सुरू होऊ लागल्या.

खरी संदिग्धता नावापेक्षा खोल आहे. साधारण २०१३ पर्यंत सर्व्हर ‘हेड’चा फक्त कमिट-हॅश (नोंदवलेल्या बदलाचा ओळखक्रमांक) पाठवी, शाखेचे नाव नाही. दोन शाखा एकाच कमिटवर असल्या की क्लायंटला (वापरकर्त्याकडील गिटला) अंदाज बांधावा लागे, आणि तो ‘मास्टर’ला झुकते माप देई. पुढे प्रोटोकॉलमध्ये ‘सिमरेफ’ची (‘हेड’ ज्या शाखेकडे आहे तिचे नाव कळवण्याच्या सोयीची) भर पडली. तरीही सर्व्हर जुना असेल, किंवा त्याचा ‘हेड’ शाखेऐवजी थेट कमिटवर असेल, तर अडचण कायम राहते. अशा वेळी ‘गिट रिमोट सेट-हेड ओरिजिन --ऑटो’ ही आज्ञा (‘ओरिजिन’ हे दूरस्थ रिपॉझिटरीचे स्थानिक नाव) एकाहून अधिक शाखा जुळल्याची त्रुटी दाखवून थांबते. ‘--ऑटो’च्या जागी शाखेचे नाव स्वतः द्यावे लागते.

‘ओरिजिन/हेड’ ही दूरस्थ डिफॉल्ट शाखेची स्थानिक नोंद क्लोन करताना तयार होते. ‘इनिट’, ‘रिमोट अ‍ॅड’, ‘फेच’ (नवी रिपॉझिटरी, सर्व्हरची जोड, बदल आणणे) या आज्ञांच्या क्रमाने ती तयार होत नसे. जानेवारी २०२५ मधील गिट २.४८ पासून ‘फेच’ ती नसल्यास भरते. सर्व्हरवर शाखेचे नाव बदलले तरी स्थानिक नोंद जुनेच नाव धरून बसते, आणि ‘फेच --प्रून’नंतर (सर्व्हरवर नसलेल्या शाखांच्या नोंदी पुसल्यावर) निराधार होते. म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘मेन’ किंवा ‘मास्टर’ गृहीत धरू नये. ‘गिट एलएस-रिमोट --सिमरेफ ओरिजिन हेड’ थेट सर्व्हरला विचारते; त्यासाठी जाल-जोडणी लागते, एवढेच. ही सोय गिट २.८ पासून आहे.

शाखा आणि टॅग (विशिष्ट कमिटला दिलेले स्थिर नाव) यांचे नाव सारखे असणे हा वेगळाच घोटाळा. नावाचा अर्थ लावताना टॅगला अग्रक्रम मिळतो. त्यामुळे ‘गिट स्विच मेन’ शाखेवर नेते, पण ‘गिट लॉग मेन’ इशारा देऊन टॅगचा इतिहास दाखवते. ‘पुश’ (बदल सर्व्हरवर पाठवणे) तर दोन संदर्भ जुळल्याचे सांगून नकारच देते. ‘रेफ्स/हेड्स/मेन’ असे पूर्ण नाव लिहिल्यास प्रश्न सुटतो. अनेक रिमोटांवर (दूरस्थ रिपॉझिटरींवर) एकाच नावाची शाखा असल्यास ‘चेकआउट.डिफॉल्टरिमोट’ ही सेटिंग वापरतात.