टॉन्सिलच्या खाचांमध्ये काय घडते?

ताप आलेल्या मुलाला खिडकीपाशी उजेडात उभे करून, चमच्याच्या दांड्याने जीभ दाबून घशात पाहिले, तर पडजिभेच्या दोन्ही अंगांना लालभडक सुजलेल्या टॉन्सिल दिसतात, आणि त्यांच्यावर कधी कधी पांढरट-पिवळे ठिपके असतात. हे ठिपके म्हणजे जिवाणूंची वस्तीच, असा पाहणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात तो मुख्यतः पू असतो, म्हणजे जिवाणूंशी लढताना मेलेल्या पांढऱ्या पेशी आणि झडलेले अस्तर. जिवाणू त्यात मिसळलेले असतात. ठिपके ठरावीक जागीच का उमटतात, याचे उत्तर टॉन्सिलच्या घडणीत आहे.

टॉन्सिलचा पृष्ठभाग सपाट नसतो. त्यात दहा ते तीस खोल खाचा असतात आणि त्यांना आत आणखी फाटे फुटलेले असतात. प्रौढ माणसाच्या एका टॉन्सिलमधील या खाचांचे अस्तर उलगडून पसरले, तर ते सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या लहान वहीच्या एका पानाएवढे भरेल, असा अंदाज आहे. पिवळे ठिपके दिसतात ते याच खाचांच्या तोंडाशी. खाचांमधले अस्तर बाहेरच्यापेक्षा विरळ आणि सच्छिद्र असते, आणि त्यातल्या काही विशिष्ट पेशी अन्नातून व श्वासातून आलेले कण स्वतःहून आत ओढून घेतात. शरीरातल्या इतर लसीका ग्रंथींकडे, म्हणजे प्रतिकारपेशींच्या गाठींकडे, जंतूंची खबर लसीकावाहिन्यांतून येते. टॉन्सिलला बाहेरून आत येणाऱ्या अशा वाहिन्याच नसतात, ती जंतू थेट दारातच तपासते. टॉन्सिलला केवळ जंतू अडवणारी भिंत म्हणणे मला म्हणूनच अपुरे वाटते, कारण ती जंतूंना मुद्दाम आत घेऊन त्यांची ओळख पटवते. घशाभोवती अशा ऊतींचे एक कडेच असते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डेयर यांनी १८८४ मध्ये त्याचे वर्णन केले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

घसा दुखण्याची बहुतेक प्रकरणे विषाणूंमुळे होतात. शाळकरी मुलांमध्ये मात्र साधारण २० ते ३० टक्के वेळा ‘अ’ गटातला स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू कारणीभूत असतो. खोकला नाही, नाक वाहत नाही, पण ताप आणि गिळताना वेदना आहेत, असे चित्र असले की डॉक्टरांना त्याचीच शंका येते.

हा जिवाणू खाचेत रुजला की तिथल्या भक्षक पेशी त्याला ओळखून रासायनिक संदेश सोडतात. त्यांतले काही रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतात आणि शरीराचे तापमान वाढवले जाते. काहींमुळे रक्तवाहिन्या सैलावून सूज येते आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची रीघ लागते. या पेशी जिवाणू गिळतात, आणि प्रसंगी स्वतःच्या डीएनएचे धागे बाहेर फेकून त्यांना जाळ्यात पकडतात. स्ट्रेप्टोकोकसकडे यावर तोड आहे. त्याची विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, ते डीएनएचे जाळे तोडतात, तर त्याचे कवच ज्या पदार्थाचे असते तोच पदार्थ आपल्या संयोजी, म्हणजे अवयवांना जोडून धरणाऱ्या, ऊतींतही असल्यामुळे ते परके वाटत नाही. त्याच्या अंगावरचे एम प्रथिन भक्षक पेशींना त्याला गिळू देत नाही. अमेरिकेतील रॉकफेलर संस्थेत रिबेका लान्सफील्ड यांनी आयुष्यभर या प्रथिनाचा अभ्यास केला. आज त्याचे २०० हून अधिक प्रकार माहीत आहेत.

दरम्यान टॉन्सिलच्या आत दुसरे, संथ काम सुरू झालेले असते. जिवाणूचे तुकडे टी पेशी या प्रतिकारपेशींना दाखवले जातात आणि त्यांच्या मदतीने प्रतिपिंडे (जंतूला चिकटणारी प्रथिने) बनवणाऱ्या बी पेशी झपाट्याने विभागू लागतात. प्रत्येक विभाजनात प्रतिपिंडाच्या घडणीत किंचित बदल होतो, आणि जी पेशी जिवाणूला अधिक घट्ट पकडेल तीच पुढे टिकते. जबड्याखालच्या गाठींतही हेच चालते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, तसाच हा प्रकार. नेमकी प्रतिपिंडे पुरेशी तयार व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. ती वर्षानुवर्षे टिकतात, पण एम प्रथिनाच्या त्याच प्रकारापुरती, आणि म्हणून दुसऱ्या प्रकाराने तेच मूल पुन्हा आजारी पडू शकते. काही मुलांचा घसा वारंवार का धरतो, याचे आणखी एक कारण २०१९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मांडले: अशा मुलांत स्ट्रेप्टोकोकसच्या एका विषाविरुद्धची प्रतिपिंडे कमी आढळली, आणि त्या विषाच्या प्रभावाखाली मदतनीस टी पेशी बी पेशींनाच मारू लागत असल्याचे दिसले.

ताप तीन-चार दिवसांत बहुधा आपोआप उतरतो, आणि इथेच घरोघरी गोळ्या अर्ध्यावर सोडल्या जातात. याची मला फार काळजी वाटते. एम प्रथिनाची ठेवण हृदयातल्या मायोसिन या प्रथिनाशी काही अंशी जुळते. त्यामुळे काही मुलांत, घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, जिवाणूसाठी घडलेली प्रतिपिंडे आणि टी पेशी हृदयाच्या झडपांवर व सांध्यांवर चालून जातात. हाच ऱ्हुमॅटिक ताप. भारतात आजही अनेक तरुण स्त्रियांची झडप अरुंद झाल्याचे गरोदरपणात प्रथमच कळते, आणि त्याचे मूळ लहानपणीच्या अशाच घसादुखीत असते. पेनिसिलिनने हा ताप टाळता येतो, हे अमेरिकेतील वायोमिंगच्या हवाई तळावरील सैनिकांवर झालेल्या अभ्यासातून १९५० च्या सुमारास सिद्ध झाले. आजार सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी संरक्षण मिळते, मात्र पेनिसिलिनच्या गोळ्या पूर्ण दहा दिवस घ्याव्या लागतात, कारण लक्षणे गेली तरी घशात जिवाणू उरलेले असू शकतात. ज्याला ऱ्हुमॅटिक ताप एकदा येऊन गेला आहे, त्याला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते, कारण स्ट्रेप्टोकोकसचा प्रत्येक नवा संसर्ग प्रतिकारयंत्रणेची तीच चुकीची ओळख पुन्हा जागी करू शकतो.