सोशल मीडिया आणि व्यवसायाच्या वेबसाइटचा ऑनलाइन प्रचार

धंद्याच्या स्वतःच्या वेबसाइटकडे फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, लिंक्डइन, व्हॉट्सॲप अशा ठिकाणांवरून गिऱ्हाईक वळवायचा उद्योग. पैसे देऊन केलेली जाहिरात, फुकटात टाकलेल्या पोस्ट आणि लोकांनी आपणहून केलेलं शेअरिंग असे तिन्ही प्रकार यात येतात, पण व्यवहारात ते एकमेकांत इतके मिसळलेले असतात की वेगळे काढायला बसलं तर हाती फार काही लागत नाही. नुसतं पेज चालवणं, लाइक मिळवणं, फॉलोअर वाढवणं यालाच काहीजण प्रचार म्हणतात. या नोंदीत मात्र माणूस शेवटी वेबसाइटवर पोचला का, एवढंच धरलंय. पोस्ट कशी टाकायची, बूस्ट कसं करायचं (म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायची) हे आता शाळेतली पोरं पण सांगतात, म्हणून ते सोडून दिलंय.

सुरुवात कधीची

यावर एकमत नाही. एक मत सुरुवात थेट ३ मे १९७८ ला नेतं. त्या दिवशी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क याने अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे ४०० लोकांना कंपनीचा नवा कॉम्प्युटर बघायला यायचं आमंत्रण एकदम पाठवलं. पण तेव्हा वेबसाइट ही चीजच नव्हती, त्यामुळे ही ऑनलाइन जाहिरातीची सुरुवात मानता येईल, आपल्या विषयाची नाही. दुसरं मत वेबवरच्या जाहिरातीपासून मोजतं, आणि त्यातही दोन तट आहेत. नेहमी २७ ऑक्टोबर १९९४ ही तारीख दिली जाते, हॉटवायर्ड या साइटवर एटी अँड टी वगैरे कंपन्यांचे बॅनर, म्हणजे पानावरच्या जाहिरातीच्या पट्ट्या, लागले ती. पण ओ'रायली प्रकाशनाच्या जीएनएन या साइटने १९९३ मध्येच एका वकिली फर्मला क्लिक करता येणारी जाहिरात विकली होती, असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं कालक्रमाने बरोबर दिसतं.

तिसरं मत जरा वेगळं आहे आणि आमचा कल तिकडे आहे. १२ एप्रिल १९९४ ला ॲरिझोनातले वकील नवरा-बायको लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल यांनी अमेरिकन ग्रीन कार्डाच्या लॉटरीची जाहिरात यूजनेट या त्या काळच्या ऑनलाइन चर्चाजाळ्याच्या हजारो चर्चागटांत एकाच वेळी टाकली. लोक भयंकर चिडले, त्यांच्या इंटरनेट कंपनीवर तक्रारींचा असा पाऊस पडला की सर्व्हर पुन्हापुन्हा बसले. यातही वेबसाइट नव्हती हे खरं, पण बॅनर म्हणजे शेवटी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचंच भावंड, तर इथे पहिल्यांदा लोक आपसात गप्पा मारत असलेल्या जागेत कुणीतरी धंदा घेऊन घुसलं, आणि सोशल मीडियावरच्या प्रचाराचा स्वभाव (आणि त्याचा वैतागही) तोच आहे. आज सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी प्लॉटची जाहिरात टाकली की ॲडमिन जे बोलतो तेच तेव्हा जरा मोठ्या प्रमाणावर बोललं गेलं होतं.

पुढचा क्रम वादाचा नाही. १९९६ मध्ये टोनी शे आणि संजय मदन यांनी लिंकएक्स्चेंज काढलं, तू माझा बॅनर लाव मी तुझा लावतो अशा अदलाबदलीवर ते चालायचं, आणि १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६.५ कोटी डॉलरना घेतलं. सोशल नेटवर्क म्हणण्याजोगी पहिली साइट कोणती यावर डॅना बॉइड आणि निकोल एलिसन या संशोधकांच्या २००७ च्या लेखाचा हवाला सहसा दिला जातो, त्यात तो मान १९९७ च्या सिक्सडिग्रीजला आहे. मग २००३ मध्ये लिंक्डइन, जानेवारी २००४ मध्ये ऑर्कुट, त्याच्या पुढच्याच महिन्यात फेसबुक. भारतात ऑर्कुट जोरात होतं आणि धंदेवाले लोकांच्या स्क्रॅपबुकात (प्रोफाइलवरच्या निरोपांच्या वहीत) स्वतःच्या साइटच्या लिंका चिकटवत फिरायचे, हे त्या काळच्या कॉलेजातल्यांना आठवत असेल. धंद्याला स्वतःचं अधिकृत पान आणि शेजारीच जाहिरातीची खिडकी, ही जोडी फेसबुकने ६ नोव्हेंबर २००७ ला जाहीर केली आणि आजचा सगळा प्रकार तिथून पुढे वाढला.

हेतू

प्लॅटफॉर्मचा हेतू आणि धंदेवाल्याचा हेतू एक नसतो, आणि या विषयातल्या बहुतेक भानगडी त्यातून येतात. धंदेवाल्याला वाटतं माणसाने पोस्ट बघावी, लिंक दाबावी आणि आपल्या साइटवर यावं. प्लॅटफॉर्मला वाटतं माणूस इथेच थांबावा, कारण तो जितका वेळ थांबेल तितक्या जाहिराती दाखवता येतात. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबताच येत नाही ती यामुळेच असं बरेच जण म्हणतात. मग 'लिंक बायोमध्ये' (म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीच्या ओळींत) हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं आणि २०१६ मध्ये मेलबर्नमध्ये सुरू झालेल्या लिंकट्रीसारख्या, एका लिंकेमागे अनेक लिंका ठेवू देणाऱ्या कंपन्या नुसत्या या अडचणीवर उभ्या राहिल्या. स्टोरीमधून लिंक द्यायला आधी १०,००० फॉलोअर लागायचे, ऑक्टोबर २०२१ मध्ये लिंकचं स्टिकर सगळ्यांना मिळालं आणि एप्रिल २०२३ पासून बायोमध्ये ५ लिंका ठेवता येतात.

फुकट रीचचंही, म्हणजे पैसे न देता पोस्ट किती लोकांना दिसते त्याचंही, तसंच. पेजची पोस्ट सरासरी १६ टक्के फॉलोअरांना दिसते असा आकडा खुद्द फेसबुकने २०१२ मध्ये दिला होता. ११ जानेवारी २०१८ ला मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केलं की फीडमध्ये यापुढे मित्र आणि घरच्यांना प्राधान्य, पेजेसचं कमी दिसेल. तेव्हापासून 'रीच पडला' ही कायमची तक्रार आहे, आणि उपाय म्हणून बूस्टचं बटण तयारच असतं.

मग वेबसाइट ठेवायचीच कशाला, पेज पुरे की, असा प्रश्न येतो आणि छोट्या धंद्यात तो चुकीचाही नाही. वडापावच्या गाडीला गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल आणि व्हॉट्सॲप नंबर एवढं बास होतं. पण पेणचा गणपतीचा कारखाना घ्या. परदेशातल्या मंडळांसाठीच्या मूर्ती बोटीने जायच्या तर उत्सवाच्या कित्येक महिने आधी पेटीत बंद व्हाव्या लागतात, म्हणजे बुकिंग त्याच्याही आधी. न्यू जर्सीतल्या माणसाला उंची, माती की प्लास्टर, रंग, पोचवायचा खर्च हे सगळं एका जागी बघायचं असतं, त्याला 'किंमत इनबॉक्समध्ये' म्हटलं की तो पुढे जातो. रीळ बघून तो साइटवर येतो आणि ऑर्डर साइटवर देतो. शिवाय प्लॅटफॉर्म ही भाड्याची जागा. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, टिकटॉकवर २९ जून २०२० ला भारतात बंदी आली आणि लाखो फॉलोअरवाले एका रात्रीत रिकामे झाले, ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सहाएक तास झोपले. स्वतःची साइट असलेल्यांची ऑर्डर तेवढा वेळ तरी चालू होती.

शेअर केल्याने गूगलमध्ये वर येतं का

या विषयात सगळ्यात जास्त भांडण इथे आहे, आणि सगळ्यात जास्त पैसा वायाही इथेच जातो. गूगलचा पाया १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी मांडलेला पेजरँक, म्हणजे एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक हे एक मत धरायचं, आणि मत देणाऱ्याचं वजन जितकं जास्त तितकं ते मत भारी. साहजिकच लोकांनी लिंका पेरायला सुरुवात केली, ब्लॉगच्या कॉमेंटमध्ये, प्रोफाइलमध्ये, सहीखाली, मिळेल तिथे. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून त्यावर नोफॉलो नावाचा शिक्का काढला, तो लावलेली लिंक माणसाला दाबता येते पण मत म्हणून मोजली जात नाही. विकिपीडियाने २००७ मध्ये बाहेरच्या लिंकांना तो लावला, आणि आज जवळपास सगळे मोठे सोशल प्लॅटफॉर्म नोफॉलो किंवा तसलंच काहीतरी लावतात. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने थोडं सैल केलं, नोफॉलो हा आता हुकूम नसून इशारा मानू असं सांगितलं, आणि पैसे देऊन घेतलेल्या लिंकेला स्पॉन्सर्ड, वाचकांनी टाकलेल्या लिंकेला यूजीसी असे दोन नवे शिक्के दिले.

एवढ्यावर प्रश्न मिटायला हवा होता, मिटला नाही, कारण मधे गूगलनेच घोळ घातला. डिसेंबर २०१० मध्ये पत्रकार डॅनी सलिव्हन यांच्या प्रश्नांना उत्तर देताना गूगल आणि मायक्रोसॉफ्टचं सर्च इंजिन बिंग दोघांनी ट्वीटमधल्या लिंकांचा काही प्रमाणात विचार होतो असं मान्य केलं होतं. त्या वेळी ट्विटरचा सगळा डेटा कराराने गूगलकडे येत होता, तो करार २०११ मध्ये संपला. पुढे जानेवारी २०१४ मध्ये गूगलचे मॅट कट्स यांनी स्पष्ट सांगितलं की फेसबुक-ट्विटरची पानं इतर कुठल्याही पानासारखीच बघितली जातात, तुमचे फॉलोअर किती, लाइक किती हे रँकिंगमध्ये धरलं जात नाही. दरम्यान एसईओ कंपन्यांची (साइट गूगलमध्ये वर आणून देण्याचा धंदा करणाऱ्यांची) सर्वेक्षणं येत राहिली की वरच्या नंबरच्या पानांना शेअर जास्त असतात. आकडे खोटे नसतीलही, पण कट्स यांनी २०१३ मध्येच त्याचं उत्तर देऊन ठेवलं होतं, मजकूर चांगला असेल तर लोक तो लाइकही करतात आणि त्याला लिंकही देतात, म्हणून एकामुळे दुसरं झालं असं नाही. आम्हाला हे जास्त पटतं. शेअरचा फायदा असतो तो आडून, पोस्ट बघणाऱ्यांपैकी कुणी बातमीदार किंवा ब्लॉगवाला असेल आणि त्याने आपणहून लिंक दिली तर, किंवा लोक दुकानाचं नाव टाकून गूगलवर शोधायला लागले तर. १० जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट गूगलवर सापडू लागल्या आहेत, पण तिथे सापडते ती पोस्ट, तुमची साइट नाही. '५०० प्रोफाइल बॅकलिंक अमुक रुपयात' (म्हणजे ५०० प्रोफाइलांमधून तुमच्या साइटला लिंका) असली पॅकेजेस आजही विकली जातात आणि घेणारेही भेटतात.

लिंकेचा फोटो आणि लिंकेची शेपटी

लिंक चिकटवली की खाली जो फोटो, मथळा आणि दोन ओळी दिसतात ते ओपन ग्राफ या पद्धतीने येतं, फेसबुकने ते एप्रिल २०१० मध्ये आणलं. पानाच्या कोडात ओजी-टायटल, ओजी-इमेज असे टॅग भरायचे, फोटो १२०० बाय ६३० पिक्सेलचा ठेवायचा. टॅग भरला नसेल तर यंत्र पानावरचा हाताला लागेल तो फोटो उचलतं, म्हणून मूर्तीच्या जागी पेमेंट कंपनीचा लोगो झळकलेल्या लिंका बघायला मिळतात. आणि एकदा उचललेला फोटो फेसबुक साठवून ठेवतं, साइटवर बदलला तरी जुनाच दिसत राहतो, त्यासाठी त्यांच्या शेअरिंग डीबगर नावाच्या पानावर जाऊन लिंक पुन्हा वाचायला लावावी लागते. ही एक गोष्ट न कळल्याने डिझायनरला शिव्या खाव्या लागतात.

माणूस कुठून आला हे कळायला लिंकेच्या शेवटी यूटीएमची शेपटी, म्हणजे उगम सांगणारी जास्तीची अक्षरं, लावतात. हे नाव उर्चिन या कंपनीच्या सॉफ्टवेअरवरून आलं, ती गूगलने २००५ मध्ये घेतली आणि त्याच वर्षी साइटवर येणाऱ्यांची मोजदाद करणारं गूगल ॲनालिटिक्स निघालं. शेपटी नसेल तर व्हॉट्सॲपवरून आलेला माणूस 'डायरेक्ट' म्हणून मोजला जातो, जणू त्याने पत्ता स्वतः टाइप केला. या न दिसणाऱ्या शेअरिंगला पत्रकार ॲलेक्सिस मॅड्रिगल यांनी २०१२ मध्ये 'डार्क सोशल' म्हटलं. आपल्याकडे निम्मा धंदा फॅमिली ग्रुपमधल्या फॉरवर्डवर चालतो, तेव्हा रिपोर्ट बघून 'व्हॉट्सॲपचा काही उपयोग नाही' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी आधी शेपटी लावलीय का ते बघावं.

मराठी पत्त्यांची अडचण वेगळीच. देवनागरी .भारत डोमेन २७ ऑगस्ट २०१४ ला आलं आणि पानाचा पत्ताही मराठीत ठेवता येतो, पण शेअर करताना बऱ्याचदा त्याची टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. कॉम्प्युटरच्या हिशोबात देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटचं, आणि प्रत्येक बाइट लिहायला टक्क्याचं चिन्ह धरून ३ खुणा, म्हणजे एका चिन्हाच्या ९. 'मसाले' या शब्दात काना-मात्रा धरून ५ चिन्हं, त्यांच्या झाल्या ४५ खुणा. अशी लिंक ग्रुपवर पडली की काकांना व्हायरस वाटतो. म्हणून बहुतेक मराठी साइटवाले मजकूर मराठी आणि पत्ता रोमन ठेवतात.

नियम

भारतात जाहिरात मानक परिषद म्हणजे एएससीआयची इन्फ्लुएन्सरांसाठीची (सोशल मीडियावर बरेच फॉलोअर असलेल्यांसाठीची) नियमावली १४ जून २०२१ पासून लागू आहे. पैसे, वस्तू किंवा फुकट मुक्काम घेऊन पोस्ट केली असेल तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहावं लागतं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही तशाच सूचना काढल्या, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वस्तू फुकट देऊन पोस्ट करून घेणाऱ्या दुकानदारालाही हे लागू आहे, फक्त इन्फ्लुएन्सरला नाही.