टायफॉईड: एकेक औषध हातातून जाताना

टायफॉईड दूषित पाण्यातून येतो म्हणून आपण त्याला पोटाचा विकार समजतो. प्रत्यक्षात साल्मोनेला टायफी हे जंतू आतड्यातून थेट रक्तात शिरतात. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल वापरात आलं आणि तीन-चार आठवडे न हटणारा ताप काही दिवसांत उतरू लागला.

हा दिलासा पाव शतकही टिकला नाही. १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि आपल्याकडे कालिकतला या औषधाला दाद न देणारे जंतू आढळले. पुढे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अँपिसिलिन आणि कोट्रायमॉक्साझोलही निकामी ठरू लागली. तिन्ही औषधांना पुरून उरणारी जनुकं एकाच प्लाझ्मिडवर होती. डीएनएचं हे छोटं कडं एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं, त्यामुळे प्रतिकार आयता मिळतो. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, तेही दुबळं पडलं. नोव्हेंबर २०१६ पासून सिंधमधल्या हैदराबादेत पसरलेल्या साथीत तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शनही चालेना. हाताशी राहिली ती मुख्यतः अझिथ्रोमायसिन आणि मेरोपेनेम.

यात आपला वाटा मोठा आहे. ताप आला की आजही विडाल तपासणी होते. १८९६ सालची ही पद्धत रक्तातली प्रतिपिंडं पाहते. जुन्या संसर्गानेही ती पॉझिटिव्ह येते आणि कुठलं औषध चालेल हे तिला सांगताच येत नाही. ते कळतं ब्लड कल्चरमधून, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून. त्यासाठी रक्त शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी घ्यावं लागतं, अहवालाला काही दिवस लागतात. तेवढा धीर ना रुग्णाला, ना डॉक्टरला; मग अंदाजाने अँटिबायोटिक दिलं जातं आणि प्रतिकाराला वाव मिळतो. मार्च २०१४ पासून सेफिक्झिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ही औषधं ‘शेड्यूल एच१’मध्ये आहेत, म्हणजे दुकानदाराने विक्रीची नोंद तीन वर्षं जपायची. नियम चांगला आहे, पण गोळ्या चिठ्ठीविना मिळणं थांबलेलं नाही.

माझ्या मते खरी आशा लशीत आहे. जो आजारीच पडला नाही, त्याला अँटिबायोटिक लागत नाही. तेलंगणातल्या हैदराबादच्या भारत बायोटेकची टायफॉईड कॉन्जुगेट लस नवी मुंबई महापालिकेने २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांना दिली. सरकारी यंत्रणेने ही लस देण्याची जगातली ती पहिली मोहीम. तीच लस सिंधच्या हैदराबादेतही पोचली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये पाकिस्तानने ती राष्ट्रीय लसीकरणात आणली.