एका दिव्याखाली दोन सरडे

पाळीव सरड्यांच्या काचपेटीतला दिवा लागतो. त्याखालच्या सपाट दगडावर एक सरडा येऊन पसरतो. थोड्या वेळाने दुसरा येतो आणि सरळ त्याच्या पाठीवर चढून बसतो. दोघांचेही डोळे मिटलेले, दोघेही निवांत. पाहणारा हरखून फोटो काढतो आणि म्हणतो, ‘बघा, काय गट्टी जमलीये!’ खरे तर तिथे जागा बळकावण्याचे काम चालू असते. वरच्याला ऊब आणि अतिनील किरण दोन्ही भरपूर मिळतात, खालच्याच्या वाट्याला वरच्याची सावली येते. खालचा भांडत नाही, कारण त्याने आधीच हार मानलेली असते. तो कमी खातो, हळूहळू दबून राहू लागतो आणि काही महिन्यांनी दोघांच्या अंगापिंडातला फरक नजरेत भरतो.

कुत्रा केकाटतो, मांजर फिस्कारते, सरडा मात्र गप्प बसतो. त्याचा ताण ओळखायचा तो रंग काळवंडण्यावरून, सतत लपून राहण्यावरून किंवा काचेवर नखे घासत वर चढू पाहण्यावरून. हे शेवटचे लक्षण अनेकांना ‘खेळ’ वाटते.

दोघेही एकाच जातीचे असले तरी ही गत. मग दोन वेगळ्या जाती एका पेटीत ठेवल्या तर? सरडे, साप, कासवे अशा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शरीराची ऊब बाहेरून येते आणि पचनापासून रोगप्रतिकारापर्यंत सगळे तिच्यावर चालते. पुरेशी ऊब मिळाली नाही, तर सापाने गिळलेले भक्ष्य पचण्याआधी पोटातच सडू लागते. त्यात प्रत्येक जातीचे गणित वेगळे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातल्या बेअर्डेड ड्रॅगन या सरड्याला दिव्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस लागतात. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा क्रेस्टेड गेको (एक प्रकारची पाल) तापमान २८ अंशांच्या वर गेले की कासावीस होऊ लागतो. (हा गेको नामशेष झाला असे समजले जात होते; १९९४ मध्ये तो पुन्हा सापडला.) एकाला कोरडी हवा हवी, दुसऱ्याला दमट. सुवर्णमध्य म्हणून पेटी ३० अंशांवर ठेवली, तर ड्रॅगन गारठलेला आणि गेको उकडलेला, असे दोघांचेही हाल.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, ‘जंगलात तर सगळे एकत्रच राहतात ना?’ राहतात, पण कसे ते पाहण्यासारखे आहे. फ्लोरिडातल्या एका खाजणातल्या काही छोट्या बेटांवर हिरवे ॲनोल सरडे राहत. १९९५ मध्ये संशोधकांनी त्यातल्या तीन बेटांवर तपकिरी ॲनोल सोडले. हे पाहुणे जमिनीजवळ आणि बुंध्याच्या खालच्या भागात वावरणारे. काही महिन्यांतच हिरव्यांनी मुक्काम झाडांवर उंच हलवला. पंधरा वर्षांनी, म्हणजे सुमारे वीस पिढ्यांनी, मोजमापे घेतली तेव्हा त्या बेटांवरच्या हिरव्यांच्या बोटांवरच्या चिकट गाद्या मोठ्या झालेल्या आढळल्या. निमुळत्या, गुळगुळीत फांद्यांवर पकड ठेवायला त्या कामी येतात. शेजार निभला तो वर सरकायला झाड होते म्हणून. काचपेटीत वर सरकले की जाळीचे झाकण डोक्याला लागते.

आणि जंगलातला शेजारही फार गोडीगुलाबीचा नसतो. न्यूझीलंडचा तुआतारा हा सरड्यासारखा दिसणारा प्राणी समुद्रपक्ष्यांच्या बिळात बिनभाड्याचा भाडेकरू म्हणून राहतो आणि मधूनच घरमालकाचे पिल्लू खातो.

तरी भांडण किंवा तापमान डोळ्यांना दिसते, थर्मामीटरवर वाचता येते. खरा घात करतात ते जंतू. कासवांच्या आतड्यात ‘एंटअमिबा इन्व्हेडन्स’ नावाचा एकपेशीय परजीवी असू शकतो. कासवाला बहुधा त्याचा पत्ताही नसतो. पण त्याची विष्ठा पाण्याच्या भांड्यात पडली आणि तेच पाणी साप प्यायला, की सापाच्या मोठ्या आतड्यात व्रण पडतात, रक्त जाऊ लागते, परजीवी यकृतापर्यंत पोचतो आणि अनेकदा साप दगावतो. कासव ठणठणीत असल्याने संशय त्याच्यावर जात नाही.

बोआ आणि पायथन या दिसायला भावंडांसारख्या सापांची कथा याहून विचित्र आहे. एका विषाणूजन्य रोगात बोआ वर्षानुवर्षे वरवर निरोगी राहू शकतो; पायथनला मात्र तोच रोग झपाट्याने गाठतो आणि मेंदूवर हल्ला करतो. साप डोके वर उचलून आकाशाकडे टक लावल्यासारखा पाहत राहतो, उलटा केला तर सुलटा होऊ शकत नाही. पाळणारे याला ‘तारे पाहणे’ म्हणतात. इतक्या भयानक गोष्टीला इतके सुंदर नाव. २०१२ मध्ये यामागचा विषाणू सापडला. सापांच्या खवल्यांखाली दडणाऱ्या गोचिडांसारख्या बारीक माइट किड्यांवर तो पसरवल्याचा संशय आहे.

लेपर्ड गेकोला क्रिप्टोस्पोरिडियम झाला, तर चरबीने गुबगुबीत असलेली त्याची शेपटी वाळक्या काडीसारखी होते. या परजीवीच्या बीजकोशांना नेहमीचे ब्लीच फारसे बाधत नाही, त्यामुळे नुसती पेटी पुसून भागत नाही.

कोण कोणाला खाईल हा प्रश्न त्यामानाने सोपा. तोंडात मावेल ते भक्ष्य. किंगस्नेक तर इतर साप खाण्यासाठीच प्रसिद्ध आहे.

मिश्र दालने प्राणिसंग्रहालयांत असतात, आणि ती जमूही शकतात. पण तिथे पेटीऐवजी खोलीएवढी जागा लागते, एकाच हवामानातल्या जाती निवडाव्या लागतात, ऊन खायच्या जागा प्राण्यांच्या संख्येहून जास्त ठेवाव्या लागतात, नवा प्राणी आधी काही महिने वेगळा ठेवून त्याची विष्ठा तपासावी लागते. शिवाय बेत फसला तर हलवायला रिकामी जागा तयार हवी. घरी यातली एखाद-दुसरी अट पुरी होते आणि बाकीच्यांकडे ‘बघू पुढे’ म्हणून काणाडोळा होतो, असे माझे मत.

एकमेकांवर पहुडलेल्या त्या दोघांच्या गट्टीची परीक्षा घ्यायची असेल, तर पेटीच्या दुसऱ्या टोकाला तसाच दगड ठेवावा, वर तसाच दिवा लावावा. खालचा सरडा बहुधा उठून तिकडे जातो. कधीकधी वरचाही त्याच्या मागोमाग जातो आणि दुसऱ्या दगडावरही हक्क सांगतो. मग दुसरी पेटीच आणावी लागते.