फ्रीबीएमडी

इंग्लंड आणि वेल्समधील जन्म, विवाह व मृत्यूंच्या सरकारी नोंदसूच्या स्वयंसेवकांच्या मदतीने संगणकावर उतरवून सर्वांना विनामूल्य पाहायला देणारा प्रकल्प. १९९८ साली सुरू झालेला हा उपक्रम आता ‘फ्री यूके जीनिऑलॉजी’ या धर्मादाय संस्थेचा भाग आहे. आजवर त्यात २५ कोटींहून अधिक नोंदी आल्या आहेत. त्या बहुतेक सगळ्या घरबसल्या, मोबदल्याशिवाय, केवळ कुळाच्या इतिहासाची आवड असलेल्या माणसांनी टंकल्या आहेत.

इंग्लंड-वेल्समध्ये जन्ममृत्यूंची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. त्याआधीचा आधार म्हणजे चर्चची दप्तरे. प्रत्येक जिल्ह्याचा निबंधक दर तिमाहीला आपल्या नोंदींची नक्कल लंडनच्या मुख्य कार्यालयाला पाठवी आणि तिथले कारकून तिच्यावरून देशभराची आडनावनिहाय सूची तयार करत. संशोधकाला लंडन गाठून या सूचीचे जाडजूड खंड फळीवरून उतरवावे लागत: जन्माचे लाल, विवाहाचे हिरवे, मृत्यूचे काळे. एका माणसाच्या शोधात दहा वर्षे चाळायची, तर चाळीस तिमाह्यांचे खंड उचलणे आले. पुढे सूक्ष्मपटांवर प्रती निघाल्या, तरी पान न् पान पाहणे चुकले नाही.

सूचीच्या एका ओळीत आडनाव, नाव, नोंदणी जिल्हा, खंड आणि पान एवढेच असते. पूर्ण तपशिलासाठी सरकारकडून प्रमाणपत्र विकत घ्यावे लागते. त्यासाठी खंड आणि पान अचूक असावे लागते. खंडक्रमांक प्रदेशानुसार ठरलेले असत. १८५१ पर्यंतचे क्रमांक रोमन आकड्यांत आहेत, आणि पुसट शाईत त्यांतला एक दंड कमी वाचला की नोंद दुसऱ्याच प्रांतात जाते.

म्हणूनच या कामाचा पहिला नियम आहे: दिसेल तेच टंका. विल्यमचे ‘डब्ल्यूएम’ असे लघुरूप असेल तर ते तसेच ठेवायचे. गावाचे नाव उघडउघड चुकलेले असले तरी सुधारायचे नाही. एखादे अक्षर लागत नसेल तर त्याच्या जागी अधोरेषा, अक्षरे किती तेही कळत नसेल तर तारांकन, आणि दोनांपैकी कुठले असा पेच असेल तर दोन्ही अक्षरे चौकटी कंसात. अंदाजाने भरलेले सुबक नाव हे अडलेल्या नावापेक्षा जास्त घातक, कारण चौकटी कंस पाहून वाचक सावध होतो, चुकीचे नाव पाहून होत नाही. नवख्याला हाच नियम सर्वांत जड जातो, आणि प्रकल्पाची विश्वासार्हता त्यावरच उभी आहे.

काम गटागटांत चालते. गटाचा समन्वयक एखादे वर्ष, तिमाही आणि काही अक्षरे हाती घेतो व सदस्यांना पाने वाटून देतो. तेच पान शक्यतो दोन वेगवेगळ्या व्यक्तींकडून उतरवून घेतात. दोन्ही वाचने जुळली की नोंद पक्की मानली जाते. उतरवण्यातली चूक कुणीही कळवू शकतो. मात्र मूळ सूचीतच चूक असेल तर तिला हात लावत नाहीत. अशा ठिकाणी नोंदीला ‘पोस्टेम’ नावाची छोटी चिठ्ठी जोडण्याची सोय आहे, आणि खरे नाव किंवा खरी तारीख तिथे वंशज लिहून ठेवतात.

वापरणाऱ्यालाही थोडे शिकून घ्यावे लागते. सूचीतली तिमाही ही नोंदणीची असते, जन्माची नव्हे. नोंदणीला ४२ दिवसांची मुदत असल्याने डिसेंबरात जन्मलेले मूल पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत सापडू शकते. मृत्यूच्या वेळचे वय १८६६ पासून आढळते, तर आईचे माहेरचे आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून. म्हणजे पाऊणशे वर्षे कोट्यवधी बालकांच्या सूचीत आईचा पत्ताच नाही. मुख्य नोंदणी कार्यालयाने २०१६ साली जन्म व मृत्यूंची नवी ऑनलाइन सूची आणली. तीत हे आडनाव जुन्या नोंदींनाही जोडले आहे, त्यामुळे जन्ममृत्यूंसाठी दोन्ही सूच्या ताडून पाहाव्यात.

विवाहाला मात्र फ्रीबीएमडीला तोड नाही. १९१२ पूर्वीच्या विवाहसूचीत वर आणि वधू आपापल्या आडनावाखाली स्वतंत्र येतात, कोणाचे कोणाशी लग्न झाले हे कुठेच लिहिलेले नसते. इथे पानक्रमांकावर टिचकी मारली की त्या पानावरची सगळी नावे एकत्र दिसतात. १८५२ नंतर एका पानावर साधारण दोन विवाह असल्याने चार नावे मिळतात, आणि जनगणनेतल्या बायकोच्या नावाशी ताडून जोडी लावता येते. कागदी खंडांवरून हे करायचे तर अख्खी तिमाही वाचावी लागली असती.

फ्रीरेग (चर्चची दप्तरे) आणि फ्रीसेन (एकोणिसाव्या शतकातील जनगणना) ही याच संस्थेची भावंडे.

महाराष्ट्राशी जवळचे काम फिबिस या ब्रिटनमधील वेगळ्या संस्थेचे आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात राहिलेल्या कुटुंबांचा शोध हा तिचा विषय आणि तिचेही स्वयंसेवक नोंदी उतरवून विनामूल्य देतात. मुंबई इलाख्यातील पाद्री बाप्तिस्मा, विवाह व दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवत. त्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत. पुणे-खडकीच्या छावण्यांतले शिपाई, रेल्वेतले कामगार आणि त्यांची बायकामुले त्यांत सापडतात; दफनाच्या नोंदीत वय आणि पुष्कळदा मृत्यूचे कारणही असते. इंग्लंडच्या सूचीतून अचानक नाहीसा झालेला माणूस या नोंदींत हाती लागण्याची शक्यता असते.